वृत्तसंग्रहालय : एक अभ्यासभेट

मी सातवीत असताना सार्वजनिक विहिरीच्या पाण्यावरून आमच्या वस्तीवर हल्ला झाला. माझ्या चुलत्यांचा हात मोडला. चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली : दोन गटांत हाणामारी, परिस्थिती नियंत्रणात. मारणारा कोण, मार खाणारा कोण, भांडण कशाचे, यांपैकी काहीही त्या चार ओळींत नव्हते. वडिलांना अक्षरओळख नव्हती. मी बातमी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "हे लिवणारा आपल्याकडं आला हुता का?"

पुढे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जे जे साधन हाती आले, त्याला मी हाच प्रश्न विचारत आलो. २०१५ च्या मे महिन्यात पुतण्याकडे अमेरिकेत जाण्याचा योग आला. त्या वेळी वॉशिंग्टन येथील 'न्यूझियम' हे पत्रकारितेचे संग्रहालय पाहिले. तेथेही हा प्रश्न माझ्यासोबत होता.

संग्रहालयाचे स्वरूप

हे संग्रहालय १९९७ मध्ये प्रथम व्हर्जिनिया राज्यात सुरू झाले आणि एप्रिल २००८ मध्ये वॉशिंग्टनच्या पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यू या राजरस्त्यावरील नव्या इमारतीत आले. इमारतीच्या दर्शनी भागावर ७४ फूट उंचीचा संगमरवरी फलक होता. त्यावर अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीचे ४५ शब्द कोरलेले होते. धर्म, भाषण, वृत्तपत्र, सभा आणि शासनाकडे गाऱ्हाणे मांडणे, अशी पाच स्वातंत्र्ये त्या शब्दांत आहेत. ही दुरुस्ती १७९१ ची, आणि तेथील गुलामगिरी घटनेने संपवली ती १८६५ मध्ये. म्हणजे मधली ७४ वर्षे वृत्तपत्रे स्वतंत्र होती आणि लाखो माणसे मात्र गुलाम होती. तो भव्य फलक पाहताना हे अंतर विसरता येत नाही.

प्रवेशद्वाराबाहेर निरनिराळ्या दैनिकांची त्या दिवसाची पहिली पाने मांडलेली असत. आत बर्लिनच्या भिंतीचे आठ मूळ खंड होते. त्यांची पश्चिमेकडील बाजू रंगांनी आणि अक्षरांनी भरलेली, तर पूर्वेकडील बाजू कोरी होती. भिंत एकच, पण लिहिण्याची मुभा एकाच बाजूला!

ध्वनिक्षेपक हाती आल्यावर

या संग्रहालयात केवळ पाहायचे नव्हते, करूनही पाहायचे होते. एका दालनात कोणीही ध्वनिक्षेपक हाती घेऊन वार्ताहर होऊ शकत असे. समोरच्या पडद्यावर मजकूर सरकतो, तो वाचायचा, आणि मागे हवे ते दृश्य जोडले जाते. पुतण्याची दहा वर्षांची मुलगी उभी राहिली आणि अस्खलित वाचून गेली. चित्रफितीत ती राजधानीतील एका प्रसिद्ध वास्तूसमोर उभी दिसत होती. प्रत्यक्षात ती आमच्यापासून चार हातांवर, बंद खोलीत होती.

मी विचारले, "बाळ, तू वाचलंस ते खरं होतं का?"

ती म्हणाली, "आजोबा, ते तिथं लिहिलेलं होतं ना!"

त्या दिवशीचा सर्वांत मोठा पाठ मला तिने दिला. नेटका आवाज आणि मागे प्रतिष्ठित वास्तू, एवढ्या भांडवलावर अधिकारवाणी उभी राहते. केवळ ऐकीव आहे, ग्रंथात आहे किंवा गुरूने सांगितले आहे, म्हणून मानू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. आज भ्रमणध्वनीवर येणारा प्रत्येक संदेश त्याच कसोटीस लावावा लागेल.

ग्रीन्सबरो आणि महाड

नागरी हक्क चळवळीच्या दालनात उपाहारगृहातील फळीचा एक तुकडा होता. १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलिनातील ग्रीन्सबरो येथे चार कृष्णवर्णीय विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या फळीपाशी बसले आणि उठण्यास त्यांनी नकार दिला. तो तुकडा पाहताना मला महाड आठवले. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले गेले आणि अवघ्या चौदा दिवसांनी, ३ एप्रिल १९२७ रोजी, 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला. पाण्याचा हक्क बजावला, तरी त्याची हकीकत इतरांच्या लेखणीवर सोडून चालणार नाही, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर पुरते ओळखून होते.

त्याआधी ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' सुरू केले होते. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी २,५०० रुपयांचे साहाय्य केले. पैसे देऊ केले असतानाही या पत्राची जाहिरात छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हे बाबासाहेबांनीच नोंदवून ठेवले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनीही याच जाणिवेतून १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्क येथे 'फ्रीडम्स जर्नल' हे आपल्या मालकीचे पहिले पत्र काढले होते. आपली बाजू आपणच मांडली पाहिजे, हा बोध दोन्ही समाजांना अनुभवातून झाला.

कर्तव्य बजावताना प्राण गमावलेल्या पत्रकारांची नावे एका उंच काचभिंतीवर होती. अशा हुतात्म्यांत १८३७ सालचा एलायजा लव्हजॉय हा अग्रणी. हा गोरा धर्मोपदेशक गुलामगिरीविरुद्ध लिहीत असे. जमावाने त्याची छपाईयंत्रे पुन्हापुन्हा फोडली. नवे यंत्र वाचवताना इलिनॉय राज्यातील ऑल्टन येथे तो गोळीस बळी पडला. छापील अक्षराची भीती कोणाला वाटते, हे यावरून कळते.

संग्रहालय बंद पडले

हे संग्रहालय आज त्या जागी नाही. ३१ डिसेंबर २०१९ रोजी ते बंद झाले. खर्च झेपेना, म्हणून इमारत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठास सुमारे ३७ कोटी डॉलरना विकली गेली. संगमरवरी फलक फिलाडेल्फियातील राष्ट्रीय संविधान केंद्राकडे गेला. संग्रहालय बंद झाल्यावर बरोबर एक महिन्याने 'मूकनायक'ला शंभर वर्षे पूर्ण झाली. 'मूकनायक'ही १९२३ मध्ये बंद पडले होते, पण त्यामागून 'बहिष्कृत भारत', 'जनता' आणि १९५६ मध्ये 'प्रबुद्ध भारत' निघाले. दगडात कोरलेले स्वातंत्र्य आपोआप टिकत नाही. ते चालवणारी माणसे आणि वर्गणी भरणारे वाचक लागतात.

आपल्या संविधानात वृत्तपत्रस्वातंत्र्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत बाबासाहेबांनी त्याचा खुलासा केला. वृत्तपत्राचा चालक वा संपादक हाही नागरिकच असतो आणि आपला अभिव्यक्तीचाच हक्क वापरतो, म्हणून वेगळ्या कलमाची गरज नाही, असा त्याचा आशय होता. म्हणजे अनुच्छेद १९ मधील हा हक्क जितका मोठ्या संपादकाचा, तितकाच वसतिगृहातील आपल्या मुलाचा.

वर्गातील प्रयोग

परतल्यावर मी नववीच्या वर्गास एक उपक्रम दिला. वसतिगृहात एका सकाळी पाणी आले नाही, या घटनेची बातमी तीन गटांनी लिहायची होती. पहिल्या गटाने फक्त अधीक्षकांना विचारले, दुसऱ्याने फक्त मुलांना, आणि तिसऱ्याने दोघांना विचारून स्वयंपाकाच्या मावशींनाही गाठले. रात्री मोटार बिघडल्याचे मावशींनी त्याच वेळी कळवले होते, हे फक्त तिसऱ्या बातमीत आले. तिन्ही बातम्या भित्तिपत्रकावर शेजारी शेजारी लावल्या. वडिलांच्या त्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी मुलांनी शोधले, असे मला वाटले.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आज वाचलेल्या एका बातमीत कोणाला विचारले आहे आणि कोणाला विचारलेले नाही?

२. आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी आपण काय तपासले?

३. आपल्या वस्तीच्या इतिहासातील कोणती घटना अद्याप कोणीच लिहिलेली नाही? ती सांगू शकणारे वडीलधारे आज हयात आहेत का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर माजी विद्यार्थ्यांनी या सुटीतच लिहून काढावे. वडीलधारे वाट पाहत थांबत नाहीत.