आजचे चिंतन : समुद्र गुरू (भागवत, स्कंध ११, अध्याय ८)



काल अवधूताचा अजगर गुरू पाहिला. आज पुढचा, समुद्र. यदुराजाला अवधूत सांगतो की मुनी समुद्रासारखा असावा, वरून प्रसन्न आणि आत खोल. पावसाळ्यात नद्या येऊन मिळाल्या म्हणून समुद्र फुगत नाही, उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून सुकत नाही. ज्याचं लक्ष नारायणाकडे आहे, त्याचंही मिळाल्या-न मिळाल्याचं असंच.

हे भिवंडीत बसून वाचताना आपली कामवारी आठवते. जुलैत एका रात्रीत नदीनाक्याकडे पाणी चढतं, दुकानदार माल वरच्या फळीवर टाकतात. मे महिन्यात तीच नदी नाल्यासारखी. तिचं पाणी खाडीतून वसईजवळ समुद्राला मिळतं, आणि समुद्राला ते कळतही नाही.

आपलं मन मात्र कामवारीच. दिवाळीच्या सीझनला गोडाऊनमध्ये ओव्हरटाइम मिळाला की आपण राजे, आणि कॉन्ट्रॅक्ट संपल्याचा मेसेज आला की दोन दिवस जेवण जात नाही. (घरभाडं भरायचंच असतं, ते या श्लोकाने सुटत नाही. अवधूत तसं म्हणतही नाही. पगार थांबला म्हणून आपण स्वतः लहान झालो का, एवढंच तो विचारतो.)

पण एक शंका येईलच. समुद्रालाही भरती-ओहोटी असते, मग तो स्थिर कसला? याचं उत्तर पुस्तकात शोधू नका, चालत बघा. भिवंडी रोडहून दिवा-वसई मेमू पकडा, वसईला उतरून सुरुची बागेचा किनारा गाठा. निघण्याआधी तिथी बघा. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे साधारण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेच्या संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास पाणी पार मागे गेलेलं असतं, पश्चिमेला सूर्य टेकलेला आणि मागे सुरूंच्या वर थोड्या वेळाने चंद्र येणार.

चपला हातात घ्या आणि ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. बोटाच्या पेराएवढे खेकडे वाळूतलं अन्न वेचून उरलेल्या वाळूच्या गोळ्या बिळाभोवती मांडत असतात, इतक्या नीट की रांगोळीच वाटावी. पुढच्या भरतीत सगळी पुसली जाते. ओहोटी लागली की खेकडा पुन्हा कामाला. मला तर हा पंचविसावा गुरू वाटतो!

आणि पाणी गेलं कुठे? कुठेच नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीने ते इकडचं तिकडे झालं. किनारा मागे सरकला, समुद्र कमी झाला नाही. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे किनारा, मर्यादा आणि वेळसुद्धा. ओहोटी ही वेळ आहे. आपण तिलाच तोटा म्हणून वहीत लिहून टाकतो.

सवड असेल तर एकनाथ महाराजांच्या भागवतात हाच भाग वाचा. त्यांनी तो ग्रंथ १५७३ साली काशीत, गंगेकाठी पूर्ण केला.

किनाऱ्यावर गेलात तर एक सांभाळा : ओहोटी संपली की पाणी परत येतं, तेव्हा मोबाइलमध्ये डोकं घालून फार आत उभे राहू नका.

उद्या : पतंग, दिव्यावर झेपावणारा.

राम कृष्ण हरी 🙏