उघडता येईल असाच कॉम्प्युटर घ्या

आईबाबांनो, दहावीचा निकाल लागला किंवा दिवाळी जवळ आली की घराघरांत हा विषय निघतो. मुलाला गेमिंगसाठी पीसी हवा असतो. दुकानात गेल्यावर समोर ऑल-इन-वन दिसतो. नुसता स्क्रीन, मागे एक वायर, सगळं त्यातच. शेजारी डेस्कटॉपचा काळा डबा, वेगळा मॉनिटर आणि वायरींचं जंजाळ. आईला पहिला आवडतो आणि त्यात तिचं काही चुकत नाही. कपाट, गादी आणि अभ्यासाचं टेबल एकाच खोलीत बसवायचं असतं, तेव्हा वाचलेली वीतभर जागाही मोलाची असते.

तरीही गेमिंगसाठीच घेणार असाल, तर मी डेस्कटॉपच घ्या म्हणेन. भिवंडीत तर नक्कीच.

गेममधलं चित्र हलतं ते ग्राफिक चिपच्या जोरावर. ऑल-इन-वनचं अंग सडपातळ, म्हणून आत बहुतेक वेळा लॅपटॉपच्या जातीचे भाग असतात आणि ग्राफिक चिप मदरबोर्डवरच डाख देऊन बसवलेली असते. दोन-तीन वर्षांनी नवा गेम अडखळायला लागला, तर ती काढून दुसरी लावता येत नाही. स्क्रीन बिघडला तरी सगळंच अडून बसतं. डेस्कटॉपमध्ये तेवढं ग्राफिक कार्ड बदललं की झालं. धोटा झिजला म्हणून आपल्याकडे कोणी अख्खा माग भंगारात घालत नाही.

दुसरं कारण आपल्या गावाचं आहे. गल्लीत यंत्रमागाचे गाळे, खिडकीतून येणारे कापसाचे तंतू. पंख्याच्या पात्यांवर ते कसे चिकटतात हे तुम्ही रोज बघता. कॉम्प्युटरचा पंखाही तीच हवा आत ओढतो. काही महिने वापरलेल्या डेस्कटॉपच्या बाजूचे दोन स्क्रू काढून बघा. प्रोसेसरवरच्या पंख्याखाली जे पातळ पत्रे असतात, त्यांच्यावर राखाडी नमद्यासारखा थर बसलेला दिसतो. हवा तिथेच अडते, प्रोसेसर तापतो, मग तो स्वतःचा वेग कमी करतो आणि मुलगा म्हणतो, ‘पीसी हँग होतोय.’ उपाय सोपा आहे. वीज बंद करून प्लग काढा, पंखा बोटाने धरून ठेवा, मऊ ब्रशने तो थर सोडवा आणि ब्लोअरने उडवा. ऑल-इन-वनमध्ये हेच करायला आधी स्क्रीन किंवा मागचं झाकण उचकटावं लागतं. ते घरी करायचं काम नाही.

डबा जमिनीवर ठेवू नका, पाटावर ठेवा आणि गाळ्याकडच्या खिडकीपासून लांब ठेवा. पुढे जाळी असलेला, जाळीमागचा फिल्टर काढून धुता येईल असा कॅबिनेट मागा. आतले रंगीत दिवे नसले तरी चालतील, एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, मात्र नाव असलेल्या कंपनीचाच घ्या. पैसे वाचवायला दुकानदार पहिला हात तिथेच घालतो, आणि विजेचा झटका आला तर एसएमपीएसच बाकीच्या भागांना वाचवतो. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. मोठं कार्ड लावायचं असेल तर त्याचाही हिशेब आधीच करा. सॉकेटला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्या.

बजेट कमी आहे? मग कार्ड आत्ता घेऊच नका. रायझन ५ ५६००जी सारख्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक आतच असतं. सोबत १६ जीबी रॅम, दोन पट्ट्यांत. व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट त्यावर नीट चालतात. कार्ड बारावीनंतर बघता येईल. ऑल-इन-वनमध्ये अशी टप्प्याटप्प्याने खरेदी जमत नाही.

पोरगं गेममध्ये वाहवत जाईल, ही तुमची धास्ती मला कळते. म्हणूनच पीसी आतल्या खोलीत नको, येता-जाता दिसेल असा बाहेर ठेवा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. हा फरक मुलाला नीट समजावून सांगा. त्याच्याशी गेमबद्दल बोला, कोणाबरोबर खेळतो ते विचारा. आणि आतली सफाई त्याच्याकडेच सोपवा. रॅम कुठे बसते, वायर कुठून कुठे जाते हे हाताने बघितलेलं पोर या यंत्राला नुसतं खेळणं समजत नाही, असा माझा अनुभव आहे.

खरेदीला मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जाणार असाल तर त्याला बरोबर न्या. कल्याणहून लोकलने दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड. भाव चार दुकानांत विचारा. ‘पूर्ण सेट’ असं एका ओळीचं बिल घेऊ नका. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, प्रोसेसरला सहसा तीन वर्षं, म्हणून प्रत्येकाचं नाव आणि सीरियल नंबर बिलावर लिहून घ्या. रिकामे खोके माळ्यावर जपून ठेवा, कारण वॉरंटीला पाठवताना किंवा जुना भाग विकताना ते लागतात.