तीन नळ्यांची साक्ष

नाशिकजवळ ओझर येथे हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा विमान-कारखाना आहे. मिग-२१ विमाने बांधण्यासाठी १९६४ साली तो स्थापन झाला. मिग-२१ चे चित्र पाहिलेत, तर नाकाशी भाल्यासारखा दांडा दिसेल. तो शस्त्र नव्हे. वेग मोजणारी पिटो नळी त्यावर असते.

पिटो नळीचे तोंड समोर उघडे असते. येणारी हवा तेथे अडते व दाब वाढतो. बाजूच्या छिद्रांतून भोवतालच्या हवेचा साधा दाब मिळतो. या दोन दाबांतील फरक = १/२ × हवेची घनता × वेगाचा वर्ग. घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम आणि वेग सेकंदाला १०० मीटर धरा. फरक येतो ६,००० पास्कल, म्हणजे समुद्रसपाटीवरील वातावरणदाबाच्या फक्त ६ टक्के! नळीत बर्फ साचला किंवा कुंभारीण माशीने घर केले, की हिशेब चुकलाच.

खवळलेल्या हवेत तर वेगाचा आकडा सारखा नाचतो. मग दोष हवेचा की नळीचा, हे कसे ओळखावे? यासाठी प्रवासी विमानात सहसा तीन नळ्या असतात. समजा, त्या ताशी ५००, ५०१ व ४९९ किलोमीटर वेग दाखवीत आहेत. पुढच्या क्षणी ५३०, ५२८, ५३१ झाले, तर तो वाऱ्याचा झोत. तिन्ही आकडे एकदमच वाढले. पण ५१०, ५१२, ४५० असे आकडे येऊन तो फरक टिकून राहिला, तर तिसरी नळी संशयित. क्षणभराच्या फरकावरून मात्र निवाडा करीत नाहीत.

पण बहुमतच चुकले तर? १ जून २००९ रोजी रिओहून पॅरिसला जाणाऱ्या एअर फ्रान्सच्या विमानाच्या तिन्ही नळ्या हिमकणांनी तुंबल्या. वेगाचे आकडे चुकले व स्वयंचलित नियंत्रण सुटले. नळ्या सुमारे मिनिटभरातच मोकळ्या झाल्या. पण तोवर वैमानिकांनी नाक फार वर उचलले होते. विमान समुद्रात कोसळून २२८ जण दगावले. म्हणून नळ्यांची साक्ष इतर उपकरणांशीही ताडून पाहावी लागते.

आता तुम्हीच न्यायाधीश व्हा. आकडे आहेत ४२०, ५००, ४२२ आणि ते मिनिटभर तसेच आहेत. आधी तिन्ही नळ्या ५०० दाखवीत होत्या. इंजिनाची शक्ती, नाकाचा कल आणि उंची मात्र मुळीच बदललेली नाही. कोणती नळी खरे बोलते? कारणासह वर्गात चर्चा करा.