बारचं उत्तर टाइप करताना

पोरी, करार, टॉर्ट, पुरावा, घटना, सगळं तुझं दोनदा काढून झालंय असं तुझे बाबा फोनवर सांगत होते. तेव्हा कायद्याबद्दल मी काही सांगत बसत नाही. मला सांगायचंय ते तुझं उत्तर पडद्यावर कसं दिसतं त्याबद्दल. न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला बसणाऱ्या आपल्याकडच्या हुशार मुलामुलींचे गुण इथेच जाताना मी पाहिलेत, आणि ते वाचवणं सगळ्यात सोपं असतं.

तू एलएलबीचे पेपर हाताने लिहिलेस. पुरवण्या जोडल्यास, कलमांच्या आकड्यांखाली रेघ मारलीस. सनदेसाठी दिलेली ऑल इंडिया बार तर शंभर पर्यायी प्रश्नांची, तिथे वाक्यच लिहावं लागलं नाही. एलएलएमला टाइप केलंस खरं, पण तिथे शिकवणारा आणि तपासणारा एकच होता, त्याला तुझा विचार आधीपासून ठाऊक होता. बारचा परीक्षक तुला ओळखत नाही. एकाच प्रश्नाची उत्तरं तो एकामागून एक वाचतो, आणि प्रत्येकाला मोजकी मिनिटं देतो. आपल्याकडे सुरेख अक्षराला नजरेत भरण्याची सवलत असते. इथे सगळ्यांचं अक्षर एकच. तुझं उत्तर वाचनीय करणार आहेत ती तुझी शीर्षकं आणि मधली मोकळी जागा.

हिशेब एकदा मनात पक्का करून ठेव. जुलैच्या शेवटच्या मंगळवारी लेखी: सहा निबंध प्रत्येकी अर्ध्या तासाचे, दोन परफॉर्मन्स टेस्ट प्रत्येकी दीड तासाच्या. बुधवारी दोनशे पर्यायी प्रश्न. न्यूयॉर्कला पास व्हायला ४०० पैकी २६६ लागतात. त्यात निबंधांचं वजन ३० टक्के, परफॉर्मन्स टेस्टचं २०. म्हणजे एक निबंध पाच टक्क्यांचा आणि एक परफॉर्मन्स टेस्ट दहाची. एका निबंधावर जीव टाकून पुढचा अर्धवट सोडणं परवडत नाही.

प्रश्न उघडलास की आधी खाली जा. शेवटी नेमकं काय विचारलंय ते वाच, मग वर येऊन हकीगत वाच. आणि लगेच, उत्तराचं एक वाक्यही न लिहिता, सगळी शीर्षकं टाइप कर. प्रश्नात तीन उपप्रश्न असतील तर त्याच क्रमाने, तेच आकडे देऊन. प्रत्येकाखाली दोन ओळी रिकाम्या सोड. कागदावर लिहिताना हे जमत नव्हतं, पुढे किती जागा लागेल ते कळत नसायचं. टाइप करताना जागा हवी तेवढी पसरते, हा केवढा फायदा आहे. सांगाडा पाचव्या-सहाव्या मिनिटाला उभा राहिला की वेळ संपला तरी परीक्षकाला दिसतं की तिसरा मुद्दा तुला सुचला होता. त्याखाली नियमाचं एक वाक्य आणि निष्कर्षाचं एक वाक्य घातलंस तरी काहीतरी पदरात पडतं.

एक उदाहरण घेऊ. घाऊक फर्निचर विक्रेता फोनवर एका दुकानदाराला चाळीस खुर्च्या सहा हजार डॉलरला द्यायचं कबूल करतो. दुसऱ्या दिवशी दुकानदार सहीनिशी ईमेल पाठवतो: चाळीस खुर्च्या, सहा हजार, ठरल्याप्रमाणे. विक्रेता ती वाचतो आणि गप्प राहतो. तीन आठवड्यांनी म्हणतो, देत नाही. विक्रेत्यावर करार बंधनकारक आहे का?

आपल्याकडून शिकून आलेली मुलं इथे 'करार' असं एकच शीर्षक देतात आणि प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला यांची व्याख्या करत पान भरतात. आपल्या १८७२च्या करार कायद्यात तोंडी करार चालतो, म्हणून लेखी पुराव्याचा मुद्दा डोळ्यांसमोर येतच नाही. तू तीन शीर्षकं टाक. पहिलं: युनिफॉर्म कमर्शियल कोडचं कलम दोन लागू होतं का. दुसरं: करार लेखी नाही म्हणून अडतो का. तिसरं: व्यापाऱ्यांमधल्या पुष्टिपत्राचा अपवाद. पहिल्याला दोन ओळी पुरतात: खुर्च्या म्हणजे माल, म्हणून लागू. दुसऱ्याला नियम लिही की ५०० डॉलर किंवा त्याहून जास्त किमतीच्या मालाच्या कराराला, ज्याच्यावर तो बजावायचा त्याची सही असलेला लेख लागतो; विक्रेत्याची सही कुठेच नाही. खरे गुण तिसऱ्यात आहेत. नियमाचा परिच्छेद वेगळा: दोघे व्यापारी असतील, पाठवणाऱ्याची सही आणि मालाची संख्या असलेला पुष्टीचा लेख वाजवी वेळेत गेला असेल, तो घेणाऱ्याला त्यातला मजकूर कळायला वाव असेल आणि त्याने दहा दिवसांत लेखी हरकत घेतली नसेल, तर त्याची सही नसली तरी भागतं. मग एन्टर दोनदा दाब आणि नवा परिच्छेद सुरू कर. त्यात हकीगतीतली एकेक गोष्ट 'म्हणून' या शब्दाने नियमाला बांध. दोघेही फर्निचरच्या धंद्यात आहेत, म्हणून व्यापारी. ईमेल दुसऱ्याच दिवशी गेली, म्हणून वाजवी वेळेत. त्यात संख्या आहे आणि पाठवणाऱ्याची सही आहे. विक्रेत्याने ती वाचली आणि तीन आठवडे हरकत घेतली नाही, म्हणून दहा दिवस उलटून गेले. शेवटी स्वतंत्र ओळीत निष्कर्ष.

नियम आणि त्याचा वापर एका परिच्छेदात कालवू नकोस, असा माझा आग्रहच आहे. वेगळे ठेवलेस की वापराचा परिच्छेद आखूड पडलेला तुझा तुलाच दिसतो. सगळ्यात जास्त मुलं तिथेच उणी पडतात: नियम पाच ओळी, वापर अर्धी ओळ, लगेच निष्कर्ष.

ठळक अक्षर फक्त शीर्षकांना. मजकुरात मधेमधे शब्द ठळक केलेस की डोळा कुठे थांबायचं ते विसरतो. सगळी मोठी अक्षरं नकोत, रंग नकोत, तक्ते नकोत. आणि शीर्षक असं ठेव की ठळकपणा हरवला तरी ते शीर्षकच वाटेल: स्वतःची ओळ, वर एक रिकामी ओळ, पुढे आकडा. परिच्छेद चार-पाच ओळींचा असू दे.

कोर्टातली भाषा घरी ठेव. 'नम्रपणे निवेदन करण्यात येते', 'विद्वान वकील', असलं काही नको. प्रस्तावनाही नको. निबंधात निवाड्यांची नावं अपेक्षित नसतात. पक्की आठवत असतील तर दे, अंदाजाने नाव तर कधीच लिहू नकोस.

परफॉर्मन्स टेस्टचं मात्र सगळं निराळं. तिथे कायदा पाठ लागत नाही, तो लायब्ररीत छापून दिलेला असतो आणि हकीगत फाइलमध्ये. उत्तराचा आकार वरिष्ठाच्या मेमोत सांगितलेला असतो. तो मेमो दोनदा वाच आणि तो म्हणतो तसाच साचा कर. अंतर्गत मेमो असेल तर कोणाला, कोणाकडून, तारीख, विषय या चार ओळी आधी टाइप कर. अशिलाला पत्र असेल तर साधी भाषा. कोर्टासाठी ब्रीफ असेल तर प्रत्येक शीर्षक पूर्ण वाक्यात, आपली बाजू मांडणारं हवं. 'पुराव्याची ग्राह्यता' एवढं पुरत नाही, 'हा कबुलीजबाब बाद व्हायला हवा, कारण अशिलाला त्याचे हक्क सांगितलेच नव्हते' असं. हकीगत वेगळी लिहू नकोस असं मेमोत म्हटलं असेल तर लिहू नकोस. कितीतरी जण सवयीने लिहितात आणि वीस मिनिटं घालवतात. लायब्ररीतल्या निवाड्यांची नावं इथे मात्र द्यायचीच.

टाइप करण्याच्या सवयीबद्दल काही गोष्टी. आजपासून सराव करताना स्पेलिंग तपासणारी आणि आपोआप दुरुस्त करणारी सोय बंद ठेव, परीक्षेत तिच्या भरवशावर राहून चालणार नाही. एखादं स्पेलिंग चुकलं तर गुण जात नाहीत, त्यासाठी मागे जाऊ नकोस. शेवटचं एक मिनिट मिळालं तर फक्त पक्षकारांची नावं उलटसुलट झाली नाहीत ना आणि कुठे 'नॉट' गळला नाही ना, एवढंच पाहा. त्या एका शब्दाने नियम उलटा होतो. आणि लिहायला सुरुवात करण्याआधी उत्तराच्या चौकटीवरचा प्रश्नक्रमांक पाहून घे.

परीक्षेचं सॉफ्टवेअर दिलेल्या मुदतीत उतरवून घे, सराव परीक्षा त्याच लॅपटॉपवर दे, आणि त्यानंतर लॅपटॉपला कुठलंही अपडेट करू देऊ नकोस. यंत्र मध्येच बंद पडलं तर हाताने पुढे लिहायचं, आणि ते तुला इतरांपेक्षा जास्त सवयीचं आहे. तेव्हाही आकडे, शीर्षकं, रिकामी ओळ, सगळं तसंच.

न्यूयॉर्कच्या बोर्डाच्या संकेतस्थळावर जुने प्रश्न आणि उमेदवारांची निवडक उत्तरं असतात. या रविवारी त्यातलं एक उत्तर उघड आणि नुसती शीर्षकं वाच. तेवढ्यावरून प्रश्न काय असेल ते ओळखता येतं का पाहा. मग तोच प्रश्न घड्याळ लावून अर्ध्या तासात टाइप कर आणि मला पाठव. मीही आधी तुझी शीर्षकंच वाचणार आहे.