नव्या वर्षाचा संकल्प आणि उसाचे बिल

कोल्हापूर परिसरात नवे वर्ष एकदाच सुरू होत नाही. चैत्र शुद्ध प्रतिपदेला गुढी उभी राहते. दिवाळीच्या पाडव्याला गुळाचे मुहूर्ताचे सौदे निघतात आणि पेढ्यांवर वहीपूजन होते. बँकांचे हिशेब १ एप्रिलला नवे होतात. ऊस पिकविणाऱ्या कुटुंबाचे आर्थिक वर्ष मात्र कारखान्याचे बिल खात्यावर जमा होते त्या दिवशी सुरू होते. बचतीचे संकल्प पुष्कळदा फसतात, याचे एक कारण या तारखांच्या घोळात आहे. संकल्प पाडव्याला होतो, पण पैसा त्या दिवशी हाती असतोच असे नाही.

आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला तर तुटण्यास सुमारे दीड वर्ष लागते. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ अन्वये ऊस पोहोचल्यापासून १४ दिवसांत रक्कम देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि विलंब झाल्यास १५ टक्के व्याजाची तरतूद आहे. असे असले तरी हा पैसा वर्षातून एखाद्या वेळीच येतो. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचे, म्हणजे गोकुळचे, दुधाचे बिल मात्र दर दहा दिवसांनी मिळते. एक उत्पन्न मोठे पण विरळ, तर दुसरे लहान पण नियमित. घरखर्च दुधावर भागवावा व मोठी उद्दिष्टे उसावर ठेवावीत, ही विभागणी जुन्या गृहिणींना कोणी शिकविलेली नव्हती. तरी ती त्यांनी अचूक साधली होती.

उदाहरणादाखल एक एकराचे कुटुंब घेऊ. ४० टन ऊस व तोडणी-वाहतूक वजा जाता टनास ३,००० रुपये धरल्यास १,२०,००० रुपये होतात. विकास सेवा संस्थेच्या पीक कर्जाचे ५०,००० रुपये वळते झाल्यावर ७०,००० उरतात. घरातील मागण्या मात्र बऱ्याच असतात : मुलीच्या महाविद्यालयाचे २५,०००, नातलगांकडील उसनवारीचे १२,०००, छपराच्या दुरुस्तीचे ९०,०००, शिवाय गुजरीत जाऊन पाडव्याचे थोडे सोने. बेरीज उत्पन्नाच्या पुढे जाते आणि मग ‘यंदा छप्पर करायचेच’ हा संकल्प कर्ज काढून पुरा होतो.

या ७०,००० मधून शिक्षण व उसनवारी भागवून १५,००० रुपये अडचणीसाठी बाजूला ठेवले, तर छपरासाठी १८,००० राहतात. या गतीने पाच वर्षे लागतील असे वाटते, पण हिशेब तसा नाही. दुसऱ्या वर्षी उसनवारी संपलेली असते. अडचणीच्या रकमेला हात लागला नसेल तर ती पुन्हा काढावी लागत नाही. म्हणून उत्पन्न व खर्च तेवढेच धरल्यास दुसऱ्या वर्षी ४५,००० उरतात, एकूण ६३,००० होतात आणि छप्पर तिसऱ्या वर्षी पुरे होते. सोने तोवर थांबते. ते थांबविणे घरात सोपे नसते, हेही खरे. टनेज धरताना मात्र लागणीचे नव्हे, खोडव्याचे धरावे. भरघोस वर्षाच्या आकड्यावर आखलेली योजना साध्या वर्षात कोलमडते.

अडचणीची रक्कम कशासाठी, हे या जिल्ह्यास समजावून सांगण्याची गरज नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेकाठचा ऊस दिवसेंदिवस पाण्याखाली राहिला. करवीर-शिरोळ भागात ज्यांचा उभा ऊस कुजला, त्यांचे बिल बुडाले. घरखर्च मात्र थांबला नाही.

पीक कर्जाच्या मुदतीकडेही लक्ष हवे. तीन लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे २०२१-२२ पासून शेतकऱ्यास व्याज पडत नाही. मुदत चुकली की ही सवलत जाते. म्हणून नव्या वर्षाच्या यादीत पहिली ओळ या तारखेची असावी.

दुधाच्या प्रत्येक बिलातून १०० रुपये काढले तर महिन्यास ३०० होतात. डाकघराच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीत ते भरल्यास मुद्दलच १८,००० रुपये जमते, व्याज वेगळे. गल्लीतील भिशीही शिस्त लावते, पण तिला व्याज नाही आणि एखाद्याने मध्येच भरणे सोडल्यास कागदोपत्री आधार नाही. अधिक दराच्या ठेवीसाठी पतसंस्थेकडे वळताना एक फरक ध्यानी घ्यावा : ४ फेब्रुवारी २०२० पासून बँकेतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकांना ते लागू आहे, पतसंस्थांना नाही. अडचणीसाठी राखलेली रक्कम तेथे ठेवू नये.