घड्याळ लावा, लेकराचा श्वास मोजा

मैत्रिणींनो, मोठ्या दवाखान्यात श्वासाच्या पेशंटकडे बघणाऱ्या थेरपिस्टजवळ ड्युटीवर तीन वस्तू लागतातच: स्टेथोस्कोप, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि सेकंदकाट्याचं घड्याळ. यातलं घड्याळ तर आपल्याही घरात आहे!

लेकराला खोकला झाला, की ते शांत असताना पोटावरचा कपडा वर करा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं, की एक श्वास. पूर्ण एक मिनिट मोजा.

धोक्याचा आकडा:
• २ महिन्यांच्या आतलं बाळ: ६० किंवा जास्त
• २ ते १२ महिने: ५० किंवा जास्त
• १ ते ५ वर्षे: ४० किंवा जास्त

एवढे श्वास भरले तर न्यूमोनिया असू शकतो. लगेच आरोग्य केंद्रात न्या. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल किंवा बाळ दूध पीत नसेल, तर १०८ ला फोन करा.

ऑक्सिमीटर लावताना बोट गार नको, नखाला मेंदी नको. आकडा चांगला दिसला तरी श्वास जलद असेल तर घरी थांबू नका.

‘पोट उडतंय’ म्हणून डागण्या देऊ नका, बिब्बा लावू नका. त्यात लेकरू भाजतं आणि उपचाराची वेळ जाते.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एकदा मोजून बघायचंच!