दोन वर्षं जास्तच झाली!

प्रश्न : भावाने दुकानातून मोबाइल चोरला. पहिलाच गुन्हा, कोर्टात कबूलही केला. तरी दंडाधिकाऱ्यांनी दोन वर्षांची कैद सुनावली. कमी होईल का?

उत्तर : होऊ शकते. कबुली दिली असली, तरी शिक्षा किती असावी एवढ्यावर सत्र न्यायालयात अपील चालतं. मुदत ३० दिवस. निकालाची प्रत त्याला फुकट मिळते. तिचं शेवटचं पान नीट वाचा. पहिल्याच गुन्ह्यात प्रोबेशन (कैदेऐवजी चांगल्या वर्तनाच्या हमीवर सुटका) देता येत असूनही नाकारलं, तर त्याची कारणं लिहावी लागतात. पुष्कळदा तिथे ‘गुन्हा गंभीर आहे’ एवढीच ओळ असते. वकिलांना तीच धरायला सांगा. अपिलाबरोबर शिक्षेच्या स्थगितीचा अर्जही हवाच. आणि घाबरू नका, त्याच्याच अपिलात शिक्षा वाढत नाही.